रात्रीच्या गडगडाटाने दचकणे आणि त्याचा धसका घेणे

प्रश्न: वय 38, गोव्यात डिचोली तालुक्यातल्या गावात राहते. नळ्यांचे जुने घर, भोवती माड. ढगांची भीती मला कधीच वाटली नव्हती. उलट पाऊस बघायला मी बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या उघड्या ओसरीत, जाऊन बसायचे. गेल्या आठवड्यात सव्वाअकराला झोपले आणि साडेबाराच्या सुमारास असा कडकडाट झाला की किंचाळतच उठले. लाइट गेलेली, पंखा बंद, आपण कुठे आहोत हेच कळेना. छाती धडधडत होती, हात थरथरत होते, बोटांना आणि ओठांना मुंग्या आल्या. पहाटे चारपर्यंत डोळा लागला नाही. तेव्हापासून संध्याकाळी सत्तरी तालुक्याच्या बाजूला आभाळ काळवंडले की पोटात गोळा येतो. सात वर्षांचा मुलगाही आता माझा चेहरा बघून घाबरतो. सासूबाई म्हणतात, दृष्ट काढू या. मला हृदयाचा किंवा मनाचा काही आजार तर नाही ना?

उत्तर: दचकणे वेगळे आणि धसका घेणे वेगळे. साडेबाराला तुमच्या बाबतीत जे झाले ते दचकणे. ते शाबूत मज्जासंस्थेचे काम आहे, त्यावर औषध लागत नाही. संध्याकाळी आभाळ बघून पोटात येणारा गोळा ही मात्र धसक्याची सुरुवात आहे. ती अजून कोवळी आहे, घरच्या घरी मागे फिरवता येते. पण येत्या दोन-तीन आठवड्यांत काही गोष्टी मुद्दाम कराव्या लागतील आणि काही सवयी लागू द्यायच्या नाहीत.

हृदयाची शंका आधी निकाली काढू. दचकल्यावरची धडधड पहिल्या काही मिनिटांत शिगेला पोचते आणि मग उतरत जाते. बोटांना व ओठांभोवती मुंग्या येतात त्या भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो म्हणून. श्वास मंदावला की त्या जातात. छातीवर दगड ठेवल्यासारखा दाब, तो डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत उतरणे, थंड घाम, उलटीची भावना, आणि हे सगळे 10-15 मिनिटांनंतरही न ओसरणे, असे असेल तर मात्र गडगडाटाला दोष देत बसू नका, 108 ला फोन करा. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी आणि चाळिशी उलटलेल्यांनी तर ‘घाबरल्यामुळे झाले असेल’ म्हणून सकाळपर्यंत थांबूच नये.

मोठा, अनपेक्षित आवाज कानावर पडला की मेंदूच्या तळाशी असलेली यंत्रणा विचार करणाऱ्या मेंदूला न विचारता पापण्या मिटवते, खांदे वर ओढते, मान आखडते. पापणी सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास मिटलेली असते. पाठोपाठ अॅड्रिनलिन सुटते. ते रक्तातून काही मिनिटांत उतरते, पण त्याने हलवलेले शरीर पूर्ववत व्हायला अर्धा तास सहज लागतो. दिवसा हे सगळे होऊन माणूस हसतो आणि कामाला लागतो. रात्री तीन गोष्टी आड येतात. एक म्हणजे झोपेची वेळ. रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश हिश्श्यात झोप सर्वांत गाढ असते, आणि तुम्ही झोपून सव्वा तासच झाला होता. अशा झोपेतून ओढून काढलेला मेंदू पूर्ण जागा व्हायला 15 ते 30 मिनिटे घेतो. ‘आपण कुठे आहोत’ हे न कळणे त्यातलेच. शरीर पळायला तयार आणि डोके अजून झोपेत, ही जोडी फार वाईट. दुसरे, डोळे मिटलेले असल्याने विजेचा लखलखाट दिसत नाही. जागेपणी तो आवाजाची आगाऊ वर्दी देतो. झोपेत आवाज वर्दीशिवाय येतो. तिसरे म्हणजे अंधार. माणूस अंधारात जास्त दचकतो, आणि आधीच घाबरलेला असेल तर त्याहून जास्त. म्हणून दुसरा गडगडाट दूरचा आणि मंद असूनही पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. त्यात लाइट गेली, पंख्याची घरघर थांबली, इन्व्हर्टर असेल तर तो ओरडू लागला, की घरातली ओळखीची प्रत्येक खूण एकदम बदलते.

आवाजाविषयीही थोडे, कारण ज्याचा उलगडा होतो त्याची भीती निम्मी होते. विजेच्या वाटेतली हवा क्षणात सुमारे 30,000 अंश सेल्सियसपर्यंत तापते आणि फुटल्यासारखी पसरते. गडगडाट म्हणजे त्या हवेचा आवाज. विजेची वाट कित्येक किलोमीटर लांब आणि वाकडीतिकडी असते, तिच्या जवळच्या टोकाचा आवाज आधी येतो आणि दूरच्याचा नंतर, म्हणून तो गडगडत राहतो. कोरडा, फटकन् तुटल्यासारखा ‘कडाड्’ म्हणजे वीज जवळची. लांबलेला, पोटात घुमणारा आवाज म्हणजे दूरची. रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असली तर आवाज वर विरून न जाता खाली वाकतो आणि लांबवर ऐकू येतो. नळ्यांच्या घरात नळे, खिडक्यांची तावदाने, कपाटावरची भांडी थरथरतात, त्यामुळे आवाज बाहेरून न येता घरातूनच उठल्यासारखा वाटतो. स्लॅबच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला हे समजावून सांगणे कठीण.

गोव्यातल्या ऋतूचाही यात भाग आहे. आपल्याकडचा खरा गडगडाट एप्रिल-मेच्या वळवात आणि पुन्हा पाऊस परतताना ऑक्टोबरमध्ये. दुपारच्या तापलेल्या हवेने घाटावर ढग चढतात, सत्तरी, धारबांदोडा, सांगे या भागावर उंच वाढतात आणि वरच्या पूर्वेकडील वाऱ्याबरोबर संध्याकाळी-रात्री किनाऱ्याकडे सरकतात. ऐन जुलैत पाऊस धो धो पडतो, पण मेच्या मानाने गडगडतो फारच थोडा. धसका बसलेली माणसे साऱ्या पावसाळ्याला घाबरू लागतात. त्यांना घाबरवले ते वळवाने. तुमच्यासमोर पुढचे चार महिने बरेचसे शांत आहेत, आणि ही सरावाची आयती संधी आहे.

आता पुन्हा रात्री तसे झाले तर काय करायचे. उठून धावू नका. पलंगावरच बसा, भिंतीला टेकू नका, आणि डोळे उघडून ओळखीच्या एका वस्तूवर ठेवा. त्यासाठी उशाशी, हात लांबवला की सापडेल अशी बॅटरी हवी. मेणबत्ती आणि काडेपेटी नको, थरथरत्या हातांनी मच्छरदाणीजवळ काडी ओढणे हा विजेपेक्षा जवळचा धोका आहे. मग श्वास: नाकाने 4 मोजेपर्यंत आत, अर्धवट मिटलेल्या ओठांनी 6 मोजेपर्यंत बाहेर. मिनिटाला साधारण सहा श्वास बसतात. उच्छ्वास लांबला की हृदयाचा वेग उतरतो, मोठा श्वास आत घेतल्याने नाही. बहुतेकांची चूक इथेच होते. ‘दीर्घ श्वास घ्या’ म्हटले की ती छाती भरून घेत राहतात, मुंग्या वाढतात, आणि आता अर्धांगवायूच झाला असे वाटते. हे पाच मिनिटे करायचे. दोन मिनिटांत काही होत नाही म्हणून सोडू नका. अॅड्रिनलिन तुमच्या सूचनेने उतरत नाही, वेळाने उतरते.

आपल्या जुन्या माणसांकडे यावर एक तयार उपाय होता: वीज चमकली की अर्जुनाची दहा नावे म्हणायची. अर्जुन, फाल्गुन, जिष्णु, किरीटी, श्वेतवाहन, बीभत्सु, विजय, कृष्ण, सव्यसाची, धनंजय. वज्र इंद्राचे आणि अर्जुन इंद्राचा मुलगा, असा त्यामागचा हिशेब. श्रद्धा असो वा नसो, दहा नावे सावकाश एका उच्छ्वासात म्हणून बघा. उच्छ्वास आपोआप लांबतो, डोक्याला क्रम आठवण्याचे काम लागते, आणि भीतीच्या विचारांना जागा उरत नाही. मी हे बिनदिक्कत सुचवतो.

श्वास थोडा स्थिरावला की मोजायला लागा. लखलखाट दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा: तेवढे किलोमीटर. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणून 3 सेकंदांना 1 किलोमीटर, 15 सेकंदांना 5. दोन-तीन लखलखाटांचे आकडे लागोपाठ घेतले की वादळ जवळ येते आहे की दूर जाते आहे ते कळते. गडगडाट साधारण 15 किलोमीटरपर्यंत ऐकू येतो. त्यापलीकडची वीज नुसती चमकताना दिसते. आकडा 30 सेकंदांच्या आत असेल तर घराबाहेर पडायचे नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्यायचा. फुटलेला नळा बघायला मध्यरात्री शिडी लावणारे महाभाग दर गावात असतात. झोपेतून उठल्यावरच्या पहिल्या अर्ध्या तासात शिडी, गाडी आणि विजेचा बोर्ड या तिन्हींना हात लावायचा नाही.

घरात तुम्ही बऱ्यापैकी सुरक्षित आहात, पण कुठे बसता त्यावर थोडे अवलंबून आहे. भारतात विजेने दरवर्षी 2,000 हून अधिक माणसे दगावतात, आणि त्यांतली बहुतेक शेतात, उघड्यावर किंवा झाडाखाली असतात. बाल्कांव हे तीन बाजूंनी उघडे असल्याने त्याला घर समजू नका; पाऊस बघायचा तर दाराच्या आत बसून बघा. गडगडाट चालू असेतोवर न्हाणीत आंघोळ नको, नळाखाली भांडी नको, चार्जरला लावलेला मोबाइल कानाला नको. चार्जरविना मोबाइल चालतो. टीव्ही, फ्रिज, राउटर यांचे प्लग ढग जमू लागले तेव्हाच काढायचे. डोक्यावर कडकडाट चालू असताना प्लग काढायला जाणे म्हणजे नेमक्या वाईट वेळी तारेला हात लावणे. गळतीवर पडणारा 30 मिलिअँपिअरचा ब्रेकर गडगडाटात पुष्कळदा पडतो. लाइट फक्त आपल्याच घरातली गेली आणि शेजारी दिवे दिसतात, तर बहुधा तेच. अंधारात ओल्या पायांनी बोर्डकडे जाऊ नका, सकाळी वर करा. पुन्हा पुन्हा पडत असेल तर वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या.

तुमच्या घरासारख्या घरांत एक गोष्ट सर्रास असते आणि कुणाच्या लक्षात येत नाही: कपडे वाळत घालायला माडापासून घराच्या खांबापर्यंत बांधलेली लोखंडी तार. माडावर वीज पडली तर तिला घरात यायला ती सरळ वाट. आजच काढून नायलॉनची दोरी बांधा. पलंग माडाकडच्या खिडकीला लागून असेल तर खोलीच्या मध्याकडे ओढा. माड घरावर ओणवे असतील तर तडित्‌रक्षक बसवण्याबद्दल जाणकार इलेक्ट्रिकल कंत्राटदाराला विचारा. नुसती तांब्याची काठी उभी करून खालचे अर्थिंग न करणारे पुष्कळ भेटतात, आणि तसली काठी नसलेली बरी.

आता पुढच्या दोन-तीन आठवड्यांचे. दचकण्याचा धसका कसा होतो? सुटका करून घेतल्याने. आभाळ भरले, पोटात गोळा आला, तुम्ही मोबाइल काढून दामिनी अॅप बघितले, ‘वीस किलोमीटरमध्ये वीज नाही’ असे दिसले, बरे वाटले. त्या बरे वाटण्यातून शरीर शिकते की धोका होता आणि अॅपने वाचवले. पुढच्या वेळी दर पाच मिनिटांनी बघाल. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ते अॅप चांगले आहे, शेतावर जाणाऱ्याने जरूर वापरावे. पण पलंगावर बसलेल्या माणसाने संध्याकाळी एकदा हवामान खात्याचा इशारा बघावा आणि मोबाइल ठेवून द्यावा. दिवा लावून झोपणे, मुलाला ‘त्याला भीती वाटते’ म्हणून कुशीत घेणे, कानात बोळे घालणे, पावसाच्या दिवशी माहेरी जाणे, हे सगळे त्याच जातीचे. एखाद्या रात्री केले तर आकाश कोसळत नाही. सवय झाली की मात्र धसका मुरतो.

त्याऐवजी सराव. मोबाइलवर गडगडाटाची ध्वनिफीत घ्या, निदान 20 मिनिटांची. आरंभी लांबलेला, घुमणारा गडगडाट निवडा, एकदम फटाका फुटल्यासारखा नको. दिवसा, बैठ्या खोलीत, आवाज जेमतेम ऐकू येईल इतका ठेवून बसा आणि भीतीला 0 ते 10 मध्ये आकडा द्या. आरंभी 3 ते 5 असावा. 7 च्या वर गेला तर आवाज कमी करा, 2 असेल तर वाढवा. आकडा निम्म्यावर येईपर्यंत उठायचे नाही. बहुतेकांना 15 ते 30 मिनिटे लागतात. दुसऱ्या दिवशी तोच आवाज, मग थोडा मोठा. तीन-चार दिवसांनी कोरडा कडकडाट असलेली फीत. मग तीच संध्याकाळी, मग रात्री दिवा घालवून पलंगावर. हेडफोन नको, छोटा स्पीकर लाकडी पलंगावरच ठेवा, म्हणजे थरथर अंगालाही जाणवते, आणि तुमच्या दचकण्यात ती थरथर होतीच. आठवड्यातून पाच दिवस, दोन-तीन आठवडे. बिघडते ते एकाच ठिकाणी: आकडा 6 वर असताना ‘आज नको, उद्या बघू’ म्हणून फीत बंद करणे. मग शरीर सुटकेचाच धडा पुन्हा गिरवते, आणि उद्याचा आकडा 7 असतो. अगदीच राहवले नाही तर आवाज कमी करा, पण बसून राहा.

झोपेचेही सांभाळा. जाग आल्यावर 20 मिनिटांत झोप आली नाही तर पलंग सोडून बाहेरच्या खोलीत मंद दिव्यात बसा, दोन घोट पाणी प्या, डोळे जडावले की परत जा. सकाळी रोजच्याच वेळी उठा, दुपारची झोप अर्ध्या तासाच्या आत, चहा दुपारी दोननंतर नको. तुम्हाला लागू नसेल, पण वाचणाऱ्या पुरुषमंडळींसाठी: रात्री फेणी घेऊन झोपले की पहिले काही तास गाढ जातात आणि ती उतरायला लागली की झोप तुटक, शरीर चिडके. त्या वेळेला ढग गडगडला तर दचकणे दुप्पट. ‘मी घेतो म्हणून झोप लागते’ हा हिशेब पहाटे तीनला चुकतो.

मुलगा तुमच्याकडे बघूनच शिकतो आहे. या वयात भीतीचा धडा आईच्या चेहऱ्यावरून घेतला जातो. ‘भिऊ नको’ म्हटल्याने भीती जात नाही, भिण्यासारखे काहीतरी आहे एवढेच त्याला कळते. त्याला कामाला लावा. लखलखाट दिसला की तो मोजेल, तीनने भागाकार तुम्ही कराल, आकडा वहीत तो लिहील. सात वर्षांच्या मुलाला हा खेळ दोनदा खेळला की तिसऱ्यांदा वीज कधी चमकते याची वाट बघायला लावतो. त्याच्यासमोर तुमचा आवाज थरथरला तर लपवू नका. ‘मी पण दचकले, चल मोजू या’ इतके पुरे.

दृष्ट काढायची तर काढा. मीठ-मोहरी-मिरच्यांनी अपाय होत नाही, आणि सासूबाई दहा मिनिटे तुमच्याजवळ मायेने बसतात हा लाभ. फक्त एकदाच. दर पावसाला दृष्ट काढायला लागलात तर ती अॅपच्या जागी येऊन बसते.

शेजाऱ्याच्या डब्यातली झोपेची किंवा ‘टेन्शनची’ गोळी मात्र घेऊ नका. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गोळ्यांनी त्या रात्री बरे वाटते, पण सवय लागते, आणि सरावाने शरीर जे शिकायचे ते शिकू देत नाहीत. धडधडीवरची प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या माणसाला घातक ठरू शकते.

डॉक्टरांकडे जायचे ते या खुणा दिसल्या तर: सरावानंतर महिनाभरानेही झोप रोज मोडत असेल, गडगडाट नसतानाही रात्री अशीच धडधडून जाग येत असेल, घोरणे आणि गुदमरून उठणे असेल, वजन उतरते, हात कापतात, उकडते, तर थायरॉइडची तपासणी. 16 मे 2021 च्या तौक्ते वादळात ज्यांनी घरावर झाड पडताना बघितले त्यांना गडगडाटाने तेच दृश्य पुन्हा डोळ्यांपुढे येत असेल, तर तो साधा धसका नाही. त्यावर वेगळा उपचार लागतो आणि वरचा ध्वनिफितीचा सराव अशांनी एकट्याने करू नये. बांबोळीला आयपीएचबी म्हणजे सरकारी मानसोपचार संस्था आहे, आणि 14416 या टेली-मानस क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते. भीतीवरचा वर्तनोपचार बहुधा आठ-बारा बैठकांत आटोपतो.

ऑक्टोबरमध्ये पहिला कडकडाट झाला की तुम्ही दचकालच. पापणी मिटेल, खांदे उडतील. ते जायचे नाही, जायला नको. त्यावरून सराव फुकट गेला असे ठरवू नका. वहीत एवढेच लिहा: किती वाजता जाग आली आणि पुन्हा डोळा किती वाजता लागला. त्या रात्री तुम्हाला साडेतीन तास लागले होते.